इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची पुरावा म्हणून ग्राह्यता : कलम ६५-ब पासून कलम ६३ पर्यंत

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाने आपले दैनंदिन व्यवहार ज्या वेगाने व्यापले, त्या वेगाने पुराव्याविषयीची आपली समज वाढली नाही. विद्यार्थ्यांची हजेरी, परीक्षेचे गुण, वेतनाची देयके, प्राचार्यांच्या सूचना, एवढेच नव्हे तर आपापसातील वादविवादसुद्धा आज संगणकात, भ्रमणध्वनीत किंवा दूरच्या कोणत्यातरी सर्व्हरवर साठवलेले असतात. तंटा उद्भवला की आपण त्यातील एखादे पान छापून घेतो, त्यावर सही-शिक्का उमटवतो आणि पुरावा तयार झाला असे समजतो. तो कागद न्यायालयात टिकेल का, हा प्रश्न त्या वेळी सहसा कोणाला पडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका अंतर्गत चौकशी समितीवर काम करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. तक्रारदार विद्यार्थिनीने आपल्याला आलेल्या धमकीच्या संदेशांची पडद्यावरील चित्रे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव होते, पण क्रमांक नव्हता. वेळ होती, पण तारीख नव्हती. ज्या भ्रमणध्वनीवर ते संदेश आले, तो तिने मधल्या काळात दुकानात देऊन नवा घेतला होता. व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे चित्रण पाहू म्हटले, तर त्यावर पुढचे चित्रण चढून गेले होते. मुलगी खोटे बोलत नव्हती, याविषयी समितीतील कोणालाही शंका नव्हती. तरीही अहवालात ‘पुरेसा पुरावा आढळून आला नाही’ असे वाक्य लिहावे लागले. ते तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर लिहिणाऱ्यांनाही पटले नव्हते.

सायबर कायदा म्हटला की आपल्याकडे संगणकात अनधिकृत प्रवेश, बँकेतील फसवणूक, समाजमाध्यमांवरील बदनामी अशा गुन्ह्यांचीच चर्चा होते. परंतु गुन्हा कोणताही असो, किंवा वाद निव्वळ दिवाणी असो, तो शेवटी येऊन थांबतो तो पुराव्यापाशी. म्हणून प्रस्तुत लेखात गुन्ह्यांची यादी न देता एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : संगणकातून निघालेली माहिती न्यायालय पुरावा म्हणून केव्हा स्वीकारते? या प्रश्नाचे सर्वात महत्त्वाचे उत्तर जालना विधानसभा मतदारसंघातील एका निवडणूक वादातून मिळाले आहे, ही महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने लक्षणीय बाब होय.

ध्वनिफितीचा काळ

यंत्राने टिपलेला पुरावा ही भारतीय न्यायालयांना संगणकाबरोबर नव्याने भेटलेली गोष्ट नाही. योगायोग असा की, या विषयावरील आरंभीचे महत्त्वाचे निर्णय मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यांतील आहेत. युसूफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६७) या लाचलुचपतीच्या प्रकरणात न्यायालयाने संभाषणाची ध्वनिफीत ग्राह्य मानली आणि तिची तुलना घटनेच्या छायाचित्राशी केली. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दूरध्वनीवरील संभाषण टिपलेले होते. तेही स्वीकारले गेले. पुढे १९७५ मध्ये झियाउद्दीन बुखारी विरुद्ध ब्रिजमोहन मेहरा या निवडणूक प्रकरणात न्यायालयाने कसोट्या अधिक स्पष्ट केल्या. आवाज कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, ध्वनिमुद्रण अचूक आहे हे ते करणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे आणि फितीत फेरफार होण्याची शक्यता वगळली गेली पाहिजे, अशा त्या कसोट्या होत्या.

या कसोट्यांत एक साधा व्यवहारीपणा आहे. न्यायालय यंत्राला घाबरले नाही आणि भुललेही नाही. त्याने यंत्रामागच्या माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावले. ध्वनिफितीच्या बाबतीत हे शक्य होते, कारण फीत ही हातात धरता येणारी वस्तू होती. संगणकाच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. संगणकातील ‘मूळ’ म्हणजे नेमके काय? चकतीवरील चुंबकीय खुणा मूळ मानल्या, तर त्या न्यायाधीशांना वाचता येत नाहीत; आणि जे वाचता येते ते पडद्यावरचे अथवा कागदावरचे रूप ही मुळाची प्रत ठरते. शिवाय ती प्रत मुळाइतकीच हुबेहूब असते आणि तीत केलेला बदल डोळ्यांना दिसत नाही. खोडरबराचा डाग कागदावर राहतो, संगणकात तो तसा राहत नाही.

कलम ६५-ब ची रचना

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापाराविषयी आदर्श कायदा तयार केला. त्याला अनुसरून भारताने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० संमत केला आणि तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये कलम ६५-अ आणि ६५-ब ही दोन कलमे घातली.

या कलमाचा आशय समजण्यासाठी सातबाऱ्याचे उदाहरण उपयोगी पडेल. जमिनीचा वाद न्यायालयात गेला म्हणजे तलाठ्याचे दप्तर कोणी उचलून न्यायालयात आणत नाही. सक्षम अधिकाऱ्याने दिलेली प्रमाणित प्रत पुरते. मूळ जागेवर राहते आणि तिच्याबद्दल जबाबदार माणूस लेखी हमी देतो. कलम ६५-ब ने संगणकाच्या बाबतीत हीच युक्ती योजली. संगणकातील माहिती कागदावर छापली किंवा चकतीवर उतरवली, तर त्या ‘संगणकीय निष्पत्ती’लाही कायदा दस्तऐवज मानील आणि मूळ हजर करण्याची गरज राहणार नाही, मात्र त्यासाठी काही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. संगणक त्या कालावधीत नेहमीच्या कामकाजासाठी नियमितपणे वापरात असावा, तो वापरणाऱ्याच्या कायदेशीर ताब्यात असावा, तशा प्रकारची माहिती त्यात नेहमीच्या ओघात भरली जात असावी, आणि संगणक व्यवस्थित चालत असावा. मधे बिघडला असल्यास त्या बिघाडाचा अभिलेखाच्या अचूकतेवर परिणाम झालेला नसावा. या गोष्टींविषयी त्या उपकरणाच्या किंवा संबंधित कामकाजाच्या बाबतीत जबाबदार पदावर असलेल्या व्यक्तीने सहीनिशी प्रमाणपत्र द्यावे, असे पोटकलम (४) सांगते. आपल्या उत्तम माहितीनुसार व विश्वासानुसार, एवढे म्हटले तरी चालते.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे, कारण तीविषयी आपल्या क्षेत्रात मोठा गैरसमज आहे. प्रमाणपत्र दिल्याने मजकूर खरा ठरत नाही. प्रमाणपत्र केवळ दार उघडते. आत आलेल्या अभिलेखाचे वजन किती, तो संदेश खरोखर त्याच व्यक्तीने पाठवला का, चित्रणातील माणूस तोच का, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. ग्राह्यता आणि सिद्धता या दोन पायऱ्या आहेत.

ही तरतूद आपण इंग्लंडच्या दिवाणी पुरावा अधिनियम, १९६८ च्या कलम ५ वरून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. गंमत अशी की, इंग्लंडने स्वतः ते कलम १९९५ च्या अधिनियमाने रद्द केले होते. फौजदारी खटल्यांसाठीची तशीच तरतूदही त्यांच्या संसदेने १९९९ मध्ये काढून टाकण्याचे ठरवले. म्हणजे ज्या घरातून आपण हे भांडे आणले, त्या घराने ते केव्हाच मोडीत काढले होते. १९६८ मध्ये संगणक म्हणजे खोलीभर यंत्र असे आणि ते चालवणारा एक विभागप्रमुख असे. प्रत्येकाच्या खिशात संगणक असेल, ही कल्पना त्या मसुद्यात असणे शक्यच नव्हते. पुढची पंधरा-वीस वर्षे भारतीय न्यायालये ज्या गोंधळातून गेली, त्याचे मूळ बव्हंशी येथे आहे.

न्यायालयीन वाटचाल

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. त्या खटल्यात भ्रमणध्वनीच्या कॉलचे तपशील हा महत्त्वाचा पुरावा होता आणि त्यासोबत कलम ६५-ब चे प्रमाणपत्र नव्हते. ४ ऑगस्ट २००५ च्या निकालात (दिल्ली राज्य विरुद्ध नवज्योत संधू) सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, ६५-ब ची पूर्तता झालेली नसली तरी दुय्यम पुराव्याविषयीच्या जुन्या कलमांखाली, म्हणजे ६३ व ६५ खाली, हे तपशील स्वीकारता येतील. कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने साक्ष दिली आहे, तेवढे पुरे. या निकालानंतर जवळजवळ दहा वर्षे प्रमाणपत्राची अट कागदावरच राहिली.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर या केरळमधील निवडणूक प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने ही भूमिका उलटवली. प्रचारातील गाणी, भाषणे व घोषणा यांच्या चकत्या याचिकाकर्त्याने दाखल केल्या होत्या, पण प्रमाणपत्र जोडले नव्हते. न्यायालयाने सांगितले की, कलम ६५-ब ही विशेष तरतूद आहे आणि विशेष तरतुदीपुढे सर्वसाधारण तरतूद मागे हटते. म्हणून प्रमाणपत्राविना दुय्यम स्वरूपाचा इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य नाही. कायद्याच्या शब्दांना धरून पाहता हा निर्णय बिनतोड आहे. व्यवहारात मात्र त्याने अनेकांच्या पायाखालची जमीन काढून घेतली, कारण तोवरचे खटले नवज्योत संधू प्रकरणातील शिथिल नियमाच्या भरवशावर चालवलेले होते. सोनू विरुद्ध हरियाणा राज्य (२०१७) या खटल्यात न्यायालयाला ही अडचण जाणवलेली दिसते. प्रमाणपत्र नसल्याचा आक्षेप हा सिद्ध करण्याच्या पद्धतीविषयीचा आक्षेप आहे. तो खटल्याच्या वेळीच घ्यायला हवा, अपिलात प्रथमच घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने जुन्या निकालांना काही प्रमाणात संरक्षण दिले.

दरम्यान आणखी दोन निर्णयांनी चित्र अधिक गढूळ केले. वाराणसीतील एका हॉटेलात घडलेल्या मृत्यूच्या प्रकरणात (टोमासो ब्रुनो, २०१५) कॅमेऱ्याचे चित्रण हजर न केल्याबद्दल न्यायालयाने सरकारपक्षाविरुद्ध निष्कर्ष काढला. तो योग्यच होता. परंतु त्या ओघात, अन्वर निकालाचा उल्लेखही न करता, जुन्या कलमांचा मार्ग पुन्हा खुला असल्यासारखी वाक्ये निकालपत्रात आली. नंतर शफी मोहम्मद प्रकरणात (३० जानेवारी २०१८) द्विसदस्यीय पीठाने म्हटले की, ज्याच्या ताब्यात उपकरणच नाही त्याच्याकडून प्रमाणपत्राची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. न्यायाच्या हितासाठी ही अट शिथिल करता येईल. सामान्य पक्षकाराला ही भूमिका दिलासा देणारी होती, यात शंका नाही. पण त्रिसदस्यीय पीठाचा निर्णय समोर असताना द्विसदस्यीय पीठाने त्यातून अशी वाट काढणे कितपत योग्य, हा प्रश्न उरलाच. कनिष्ठ न्यायालयांना तर दोन्ही बाजूंनी सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल दाखवले जाऊ लागले.

जालन्यातील २९६ मते

२०१४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन पंडितराव खोतकर हे कैलास कुशनराव गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघी २९६ मते अधिक मिळवून विजयी झाले. नामनिर्देशनपत्र भरण्याचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर २०१४ हा होता आणि मुदत दुपारी ३ वाजेपर्यंत होती. विजयी उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र मुदत उलटल्यानंतर स्वीकारले गेले, असा आरोप करून पराभूत उमेदवाराने व एका मतदाराने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केल्या. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कक्षात आणि कक्षाबाहेर त्या दिवशी कॅमेरे चालू होते. वाद काही मिनिटांचा होता आणि ती मिनिटे कॅमेऱ्यात बंद होती.

याचिकाकर्त्यांना त्या चित्रणाच्या चकत्या मिळाल्या, पण प्रमाणपत्र मिळेना. ते देऊ शकणारे अधिकारी म्हणजे ज्यांच्या कृतीवर आक्षेप होता तेच कार्यालय! लेखी मागणी झाली, पुन्हा झाली. प्रमाणपत्र आले नाही. अखेर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत चित्रणाविषयी ज्या गोष्टी मान्य झाल्या, त्यांनाच ६५-ब ची पुरेशी पूर्तता मानून उच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे द्विसदस्यीय पीठाने २६ जुलै २०१९ रोजी, अन्वर व शफी मोहम्मद यांतील विसंगती लक्षात घेऊन, ते मोठ्या पीठाकडे सोपवले. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. तोपर्यंत ज्या विधानसभेच्या जागेसाठी हा वाद होता, तिची मुदत संपून २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. हा उशीर कायद्याच्या पुस्तकात नोंदवला जात नाही, पण पुराव्याच्या तांत्रिक वादाची खरी किंमत तीच आहे.

निकालाचा गाभा पुढीलप्रमाणे सांगता येईल. पोटकलम (४) चे प्रमाणपत्र ही दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या ग्राह्यतेची पूर्वअट आहे. तोंडी साक्ष तिची जागा घेऊ शकत नाही. म्हणजे उच्च न्यायालयाने काढलेली पळवाट चुकीची ठरली. शफी मोहम्मद निकाल रद्दबातल झाला आणि टोमासो ब्रुनोमधील विधाने अन्वरकडे दुर्लक्ष करून केलेली असल्याने बंधनकारक नाहीत असे ठरले. मात्र मूळ उपकरणच हजर केले, म्हणजे ज्याच्या मालकीचा भ्रमणध्वनी किंवा लॅपटॉप आहे तो स्वतः साक्षीला उभा राहिला आणि हे उपकरण माझे व मीच वापरतो असे त्याने सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. सर्व्हरसारखी यंत्रणा न्यायालयात आणणे अशक्य असेल तेथे प्रमाणपत्र हाच मार्ग.

मग ज्याला प्रमाणपत्र नाकारले जाते त्याने काय करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते निकालातील सर्वात मोलाचा भाग येथे आहे. अशा पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा. न्यायालय संबंधित व्यक्तीला प्रमाणपत्र देण्याचा आदेश देऊ शकते. खटला संपण्यापूर्वी ते योग्य टप्प्यावर सादर करता येते. आणि पक्षकाराने आपल्या हातातील सर्व उपाय करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, तर कायदा कोणालाही अशक्य गोष्ट करायला लावत नाही, हे जुने तत्त्व त्याच्या मदतीला येते. जालन्याच्या याचिकाकर्त्यांनी शक्य ते सर्व केले होते आणि इतर पुरावाही होता, म्हणून उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय कायम राहिला. अट कडक ठेवून तिच्या जाचातून प्रामाणिक माणसाला सोडवण्याची ही पद्धत शफी मोहम्मदमधील सरसकट सवलतीपेक्षा अधिक शिस्तीची आहे. तिचा लाभ मात्र त्यालाच मिळतो, ज्याने मागणीचे अर्ज वेळेवर केले आणि त्यांच्या पोचपावत्या जपून ठेवल्या.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या कार्यवाहींना कलम १७० अन्वये जुनाच कायदा लागू राहतो. त्यामुळे दोन्ही अधिनियम काही काळ जोडीने वापरात राहणार आहेत. नव्या अधिनियमात ‘दस्तऐवज’ या संज्ञेतच इलेक्ट्रॉनिक व डिजिटल अभिलेखांचा समावेश आहे आणि ईमेल, सर्व्हरच्या नोंदी, भ्रमणध्वनीतील संदेश, संकेतस्थळे, ठिकाणाची माहिती यांची उदाहरणे दिलेली आहेत. जुने ६५-ब आता कलम ६३ झाले असून त्यात संगणकाबरोबर ‘संदेशवहन उपकरण’ही आले आहे. भ्रमणध्वनी हा संगणक आहे का, हा शाब्दिक वाद त्यामुळे संपला.

प्रमाणपत्राविषयी मात्र तीन बदल झाले आहेत आणि ते किरकोळ नाहीत. एक तर अभिलेख जेव्हा जेव्हा दाखल केला जाईल तेव्हा प्रत्येक वेळी त्यासोबत प्रमाणपत्र असले पाहिजे. दुसरे म्हणजे त्याचा नमुना अनुसूचीत ठरवून दिला आहे : उपकरणाचा प्रकार, बनावट, रंग, अनुक्रमांक, ओळख क्रमांक आणि अभिलेखाचे हॅश मूल्य. आणि तिसरे, सर्वात वादग्रस्त म्हणजे, उपकरणाच्या प्रभारी व्यक्तीबरोबर तज्ज्ञाचीही सही आता लागते. नमुन्याचा ‘अ’ भाग पक्षकाराने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा आहे.

हा तज्ज्ञ कोण, हे कलम ६३ मध्ये सांगितलेले नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेले इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षकच तेवढे तज्ज्ञ मानायचे, की महाविद्यालयातील संगणकशास्त्राचा अनुभवी प्राध्यापकही चालेल? पहिला अर्थ घेतला तर देशभरातील दिवाणी व फौजदारी दाव्यांतील प्रत्येक संदेश मोजक्या प्रयोगशाळांच्या दारात जाऊन उभा राहील. दुसरा अर्थ घेतला तर कोणाच्याही सहीने काम भागेल आणि अटीचा हेतूच उरणार नाही. पतीच्या धमक्यांचे संदेश घेऊन न्यायालयात आलेली स्त्री किंवा वेतन थकलेला तासिका तत्त्वावरील अध्यापक यांनी तज्ज्ञाचे शुल्क कोठून द्यावे, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केला असावा असे दिसत नाही. मोठ्या कंपनीला ही अट जड नाही. ती जड आहे एकट्या माणसाला.

दुसरीकडे कलम ५७ च्या नव्या स्पष्टीकरणांनी प्राथमिक पुराव्याची व्याख्या बरीच सैल केली आहे. एकच अभिलेख एकाच वेळी किंवा क्रमाने अनेक फायलींत साठवला गेला तर त्यातील प्रत्येक फाईल प्राथमिक पुरावा. योग्य ताब्यातून आलेला अभिलेख, त्याविषयी वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा. चित्रण साठवले जात असतानाच प्रक्षेपित झाले तर प्रत्येक साठवलेली प्रत प्राथमिक पुरावा. आता जालना निकालाचे सूत्र असे की प्राथमिक पुराव्याला प्रमाणपत्र लागत नाही. मग हे सूत्र या विस्तृत व्याख्येलाही लावायचे का? तसे केले तर कलम ६३ ला फारसे काम उरत नाही. तसे न करावे तर ही स्पष्टीकरणे कशासाठी घातली, असा प्रश्न पडतो. एका हाताने दार रुंद करून दुसऱ्या हाताने कडी बसवण्याचा हा प्रकार आहे. याचा उलगडा वरिष्ठ न्यायालयांनाच करावा लागेल.

हॅश मूल्य म्हणजे काय?

कला व वाणिज्य शाखेतील सहकाऱ्यांना हा शब्द अपरिचित असतो, म्हणून थोडे सांगणे आवश्यक आहे. कोणतीही फाईल ठरावीक गणिती प्रक्रियेतून काढली की ठरावीक लांबीची अक्षर-अंकांची माळ मिळते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. तीच फाईल पुन्हा प्रक्रियेतून काढली तर तीच माळ येते. गुणपत्रकातील एक अंक, पत्रातील एक स्वल्पविराम बदलला तरी माळ पार बदलते. माळेवरून मूळ मजकूर मात्र कळत नाही. म्हणून तिला फाईलच्या बोटाचा ठसा म्हणता येईल. जप्तीच्या दिवशीचा ठसा आणि सुनावणीच्या दिवशीचा ठसा जुळला, तर मधल्या काळात फाईलला हात लागला नाही असे समजता येते. हात लागण्यापूर्वी, म्हणजे ठसा घेण्याच्या आधीच, फाईल बदलली असेल तर ठसा काहीही सांगणार नाही, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

नमुन्यात एमडी-५, एसएचए-१ व एसएचए-२५६ अशा पद्धतींचे पर्याय आहेत. यांपैकी एमडी-५ मध्ये २००४ साली आणि एसएचए-१ मध्ये २०१७ साली संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फायली तयार करून दाखवल्या. दुसऱ्याने आधीच बनवलेल्या फाईलशी ठसा जुळवणे ही याहून पुष्कळ अवघड गोष्ट आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि २०२३ च्या कायद्यात हे जुने पर्याय ठेवणे अनाकलनीय आहे. आपण तरी तिसऱ्या पर्यायावरच खूण करावी.

महाविद्यालयीन कामकाजाच्या संदर्भात

विभागीय चौकशीला पुरावा अधिनियमाचे काटेकोर नियम लागू होत नाहीत. तेथे नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली की पुरते, हे प्रस्थापित तत्त्व आहे. याचा आधार घेऊन अनेक चौकशी समित्या निर्धास्त असतात. परंतु रॅगिंगची तक्रार पोलिसांत गेली, लैंगिक छळाचे प्रकरण फौजदारी न्यायालयात उभे राहिले, परीक्षेतील गैरप्रकाराचा गुन्हा नोंदवला गेला, की तोच अभिलेख कलम ६३ च्या कसोटीवर घासला जातो. तोपर्यंत सहा महिने गेलेले असतात आणि चित्रण पुसले गेलेले असते.

कॅमेऱ्याची चित्रणपेटी भरली की जुन्यावर नवे लिहिले जाते. चकतीच्या क्षमतेनुसार यास काही दिवस किंवा काही आठवडे लागतात. तक्रार आल्याच्या दिवशीच संबंधित भाग उतरवून घेणे, त्याचे हॅश मूल्य काढून पंचांसमक्ष नोंदवणे आणि शक्य असल्यास पेटीतील चकतीच सीलबंद करणे, एवढी दक्षता घेतली तर पुढील निम्मा वाद टळतो. आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते, ती पेटीतील घड्याळाची. ते कित्येकदा काही मिनिटे पुढे किंवा मागे असते आणि वर्षानुवर्षे कोणी ते लावत नाही. ज्या वादाचा निकाल ३ वाजून किती मिनिटे झाली यावर अवलंबून असतो, तेथे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. चित्रण उतरवताना पेटीवरील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवावी.

प्रमाणपत्रावर सही कोणी करायची, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. प्राचार्य संस्थेचे प्रमुख असले तरी कॅमेऱ्यांची देखभाल कंत्राटदाराकडे, प्रवेश व निकालाचे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडे, तिचा सर्व्हर तिसऱ्याच शहरात, आणि कार्यालयाचा ईमेल परदेशी कंपनीच्या सेवेवर अशी आजची स्थिती असते. कलमातील शब्द ‘प्रभारी व्यक्ती’ किंवा ‘संबंधित कामकाजाचे व्यवस्थापन’ असे आहेत. म्हणजे कॅमेऱ्यांच्या कामकाजाचे व्यवस्थापन लेखी आदेशाने एखाद्या कर्मचाऱ्याकडे सोपवलेले असेल तर तो सही करू शकतो. असा आदेशच नसेल तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याच्या अधिकाराविषयीच येईल. कंपन्यांशी करार करताना, मागणी होताच प्रमाणपत्र देण्याची अट त्यात घालता येते. बहुतेक करारांत देखभालीचे दर असतात, ही अट नसते.

विद्यार्थ्यांना द्यायचा सल्ला तर एका वाक्याचा आहे : संदेश पुसू नका, भ्रमणध्वनी विकू नका. पडद्याचे चित्र ही प्रतीची प्रत असते. ज्या उपकरणावर संदेश आला ते उपकरण आणि त्याची मालकीण साक्षीला उभी राहिली तर जालना निकालाप्रमाणे मूळ अभिलेखच न्यायालयासमोर येतो, आणि तज्ज्ञाच्या सहीवरून नव्या कायद्याखाली उद्भवणारे पुष्कळसे प्रश्नही मग उरत नाहीत. आमच्या समितीपुढे आलेल्या मुलीला हे तक्रार नोंदवून घेतानाच सांगता आले असते. तेव्हा तिचा जुना भ्रमणध्वनी तिच्याच पिशवीत होता. तो तिने दिला, तो समितीची पहिली बैठक होण्याच्या आदल्या आठवड्यात.